भेळेतला ळ

वर्गात आलिमा फळ्याला ‘फला’ म्हणाली, सगळे खो-खो हसले आणि तेव्हापासून तिने शाळेत तोंड उघडणंच सोडलं. रविवारी जब्बारने लेकीला स्कूटरवर बसवलं आणि खडकवासल्याची वाट धरली. अट एकच होती. भेळ तिने मागायची, तीही ‘ळ’सकट.

बिबवेवाडीपासून धरणापर्यंत ती त्याच्या पाठीला चिकटून ‘भेल, भेल’ पुटपुटत होती.

“जीभ जरा मागे वळव, बेटा. सावकाश. आपल्याला कुठे घाई आहे?” जब्बार दर सिग्नलला सांगत होता.

भेळेच्या गाडीपाशी पोचल्यावर तिने अब्बाचा शर्ट घट्ट धरला. आपणच मागून मोकळं व्हावं, असं जब्बारला वाटलं. तेवढ्यात तिने डोळे मिटले.

“दोन भेळ द्या.”

शब्द असा खणखणीत आला, की जब्बार बघतच राहिला.

भेळवाला पुण्यात नवाच दिसत होता. कांदा चिरत तो अदबीने म्हणाला, “दोन भेल, लगेच देतो.”

जब्बारला हसू फुटणार, तोच आलिमाने त्याला कोपराने ढोसलं. मग ती भेळवाल्याकडे वळून हळूच म्हणाली, “काका, जीभ जरा मागे वळवा. सावकाश. आम्हाला कुठे घाई आहे?”