मऊ मातीचा आलेख

“हिरवं बटण, बाबा. किती वेळा सांगायचं?”

उशीर होईल हे कळवायला तिने ऑफिसातून फोन केला होता. फोन वाजून वाजून थांबला होता. बाबा ओशाळून हसले आणि मोबाइल परत टेबलावर ठेवला.

तुरुंगातून सुटून आल्यापासून ते मागच्या खोलीत राहत होते. ती त्यांना जेवण द्यायची, औषधं आणून द्यायची. माया तेवढी द्यायची नाही.

दोघंही इमारतींचे इंजिनिअर. एकेकाळी दोघांचं ऑफिस एकच होतं आणि त्यात तिसरं माणूस नव्हतं. इमारत एकदा डोलायला किती वेळ घेते ते कळलं, की भूकंपात तिला किती हिसका बसेल हे आलेखावरून काढता येतं. त्यालाच रिस्पॉन्स स्पेक्ट्रम म्हणतात. खडकाचा आलेख वेगळा, मऊ मातीचा वेगळा. उंच इमारतीला मऊ मातीत हिसका कितीतरी जास्त.

नदीकाठच्या उंच इमारतीला तिने मऊ मातीचाच आलेख लावला होता. पण भूकंपात ती इमारत कोसळली, आत झोपलेली माणसं गेली. चौकशीत निघालं, की हिशेब खडकाच्या आलेखावर झाला होता. बाबा उभे राहिले आणि म्हणाले, मुलगी घरी गेल्यावर मीच बदलला. लोखंड वाचवायचं होतं.

चार सळयांपायी माणसं मारणाऱ्याची मुलगी म्हणवून घ्यायची तिला लाज वाटे. हे तिने त्यांना तोंडावर ऐकवलंही होतं. बाबा तेव्हा मान खाली घालून जेवत राहिले होते.

आज मात्र ती ताट वाढून तिथेच बसली. बाबा जरा बिचकले.

“आज आपला तो हिशेबाचा जुना प्रोग्राम उघडला होता,” ती म्हणाली. “मऊ माती निवडली, फाईल बंद केली. पुन्हा उघडली तर खडक. दर वेळी. त्याची ती खोडच आहे म्हणे.”

बाबांचा घास हातातच राहिला.

“तेव्हाही दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इमारतीची फाईल मीच उघडली होती. न बघता तशीच छापली. बाबा, त्या रात्री तुम्ही कॉम्प्युटर चालू तरी कसा केलात?”

टेबलावरचा मोबाइल वाजू लागला. बाबा नुसते त्याच्याकडे बघत राहिले.

“तू तेव्हा तेवीस वर्षांची होतीस,” ते म्हणाले.