राजाची खुर्ची

"मॉरीनबाई, या खुर्चीत आठवा हेन्री कधी बसलाच नव्हता," संशोधक टॅमसिन म्हणाली. "लाकडाची वलयं तपासली. झाड तोडलंय तेच राजा गेल्यावर तीनशे वर्षांनी." पाहुण्यांना महाल दाखवणारी मॉरीन हसली. "क्लाइव्ह म्हणायचाच, एवढा धिप्पाड गडी यात मावला कसा?" क्लाइव्ह तिचा नवरा, इथला माळी. कोणी राजाच्या खुर्चीत बसू नये म्हणून तो दरवर्षी बागेतलं सुकलेलं काटेरी बोंड तिच्यावर ठेवायचा. "आता बसेना का कोणीही," टॅमसिनने बोंड उचललं. "टाकून देऊ?" "खबरदार! आण इकडे." गेल्या हिवाळ्यात क्लाइव्ह गेला, त्याने ठेवलेलं हे शेवटचं बोंड. मॉरीनने ते रुमालात गुंडाळून घरी नेलं. रविवारी जावई जेवायला आला आणि नेहमीसारखा शेकोटीजवळच्या सासऱ्याच्या खुर्चीकडे वळला. तिच्यावर बोंड होतं. त्याने सासूकडे पाहिलं आणि मुकाट्याने स्टूल ओढलं.