हातातला पट्टा

“खिसे दाखव,” नाना म्हणाले.

कुत्र्यांना शिकवायला येणाऱ्या शलाकाने हसत खिसे उलटे केले. नानांच्या मुठीत होती तीच सुकट तिच्याकडेही निघाली. मग आपला कुत्रा बंड्या हिच्याच हाकेला कसा येतो? मागच्या आठवड्यात पट्टा सोडताच तो किनाऱ्यावरून थेट डंपरसमोर धावला होता. आज जमलं नाही, तर घरचे त्याला कायमचा साखळीला बांधणार होते.

नानांनी हाक मारली. बंड्या आला, पण चार हात लांबच थबकला.

“काय करणी केलीस गं त्याच्यावर?”

“करणी तुमचीच, नाना. तो आला की तुम्ही आधी पट्टा अडकवता, मग खाऊ देता. येताक्षणी खाऊ द्या आणि पुन्हा सोडा.”

“आणि पळाला तर?”

“पट्टा द्या इकडे.”

नानांनी नाखुशीने पट्टा दिला आणि पुन्हा हाक मारली. बंड्या बिचकत जवळ आला. त्याच क्षणी सुकट त्याच्या तोंडात गेली.

“जा आता, खेळ,” नाना म्हणाले.

बंड्या जागचा हलेना. यात काहीतरी गोम असणार, अशा नजरेने तो नानांकडे बघत राहिला.