पिंपळदरी खु.

ओढ्यावरच्या फरशी पुलापाशी रुग्णवाहिका थांबली आणि तिच्यातून आवाज आला, "पुढे गाव नाही."

पलीकडे पिंपळदरी खुर्दची घरं उन्हात स्वच्छ दिसत होती. गाडीला चालक नव्हता. राज्याचा नकाशा सांगेल तेवढंच ती जायची. तिसऱ्या घरात बाळंतीण रक्तस्रावाने पांढरीफटक पडली होती; तिला उचलून ओढ्यापर्यंत नेण्यासारखं नव्हतं. गावच्या आशा सेविका वनमालाने नकाशा कार्यालयात फोन लावला.

फोन मृणालने घेतला. ती तिथली डिझायनर. सकाळीच तिने महोत्सवाच्या पोस्टरसाठी नकाशा साफसूफ केला होता, आणि घाईत कॉपीऐवजी मूळ फाइलच उघडली होती.

"पिंपळदरी आहे की नकाशात," ती म्हणाली.

"ते बुद्रुक, मॅडम. आमचं खुर्द."

मृणालने फाइल पुन्हा उघडली. पोस्टरवर बु. आणि खु. वाईट दिसतात, म्हणून तिने आधी ती अक्षरं काढली होती. मग एकाच नावाचे दोन ठिपके शेजारी उरले. ठिपका चुकून दोनदा पडला असेल, असं समजून तिने एक उडवला होता.

तिने ठिपका लगेच परत ठेवला. पण नवीन गावाला साहेबांची मंजुरी लागायची, आणि साहेब जेवायला गेले होते. ते चाळीस मिनिटांनी आले.

"गाडी पोचली का हो?" मृणालने विचारलं.

"आली दारात." वनमालाच्या मागे रडारड ऐकू येत होती. "मॅडम, स्मशानाचा रस्ता तरी ठेवलाय ना नकाशात?"