काकूंचा डबा

घरमालकीण काकू चकल्यांचा डबा घेऊन दारात उभ्या होत्या. "एकटीसाठी कुठं तळत बसणार तू?"

डब्यावर त्यांचं नाव कोरलेलं. मागच्या महिन्यात याच डब्यातून लाडू आले होते. रिकामा परत देऊ नये म्हणून मी तो कपाटात ठेवला होता. सकाळी खोलीला कुलूप लावलं, तेव्हा तिथंच होता.

"हा कुठं मिळाला, काकू?"

"तुझ्या कपाटात, डायरीमागे," त्या सहज म्हणाल्या. "आणि आईवर इतका राग धरू नये गं. लेकीसारखी आहेस म्हणून सांगते."

आईबद्दल मी फक्त त्या डायरीत लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दाराला नवं कुलूप लावलं. डबा घासला. रिकामा देऊ नये म्हणून त्यात जुनं कुलूप ठेवलं आणि काकूंची बेल वाजवली.