खालून आलेली गाठ

चाळिसावं पोतं हातात आलं आणि म्हातारा थबकला.

धान्याच्या गोदामात अख्खी हयात पोती वाहिलेला हमाल तो. म्हणून तर त्याला साखळीच्या या टोकाला, नदीकाठी, बांध रचायला उभं केलं होतं. खाली शाळेच्या मैदानात लोक पोत्यांत वाळू भरत होते आणि साठ-सत्तर जणांच्या हातांतून ती वर येत होती. पाणी बांधाच्या कमरेला लागलं होतं. थबकायची ही वेळच नव्हती.

पण ती गाठ! सुतळीचे दोन वेढे आणि टोक डावीकडून आत खोचलेलं. ही त्याची स्वतःची गाठ. आजवर त्याने ती एकाच माणसाला शिकवली होती. डबा घेऊन गोदामात आलेली आठ वर्षांची लेक पोत्यावर बसून चिमुकल्या बोटांनी तासन्‌तास गाठी मारत राहायची.

सहा वर्षांपूर्वी तिनं आपल्या मनानं लग्न केलं. "त्या माणसाचं तोंड बघणार नाही," असं तो म्हणाला होता. खरंच बघितलं नाही. त्यापायी तिचंही बघायचं राहून गेलं.

"खाली विचार रे, पोती कोण बांधतंय?" तो शेजारच्या न्हाव्याला म्हणाला.

"काका, पूर आलाय, चौकशा कसल्या करताय!"

"अरे, विचार की!"

प्रश्न तोंडातोंडी खाली गेला. पोती येतच राहिली. प्रत्येक गाठीवरून अंगठा फिरवून मगच तो पोतं ठेवत होता. ती समोर आली तर आधी काय बोलायचं? 'जेवलीस का' म्हणावं. तेवढं जमेल.

उत्तर आलं. "लायब्ररीतला कोणी चष्मेवाला बांधतोय म्हणे."

हमालाचे खांदे पडले. "पुरुषमाणूस?"

"मग! तुम्हाला कोण हवं होतं?"

त्याने दोन पोती रचली. तिसऱ्याला राहवलं नाही. "त्याला विचार, ही गाठ कुणी शिकवली."

या वेळी न्हाव्याने उत्तर दोनदा ऐकून घेतलं. गेली कित्येक वर्षं तो म्हाताऱ्याची दाढी करत होता. त्याला सगळं ठाऊक होतं. वळला तेव्हा त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती.

"बायकोनं शिकवली म्हणतो. तीच येणार होती इथं. पण ओली बाळंतीण आहे. मुलगी झालीय, पंधरा दिवसांची."

हमालाने हातातलं पोतं बांधावर ठेवलं. थापटलं. पुन्हा थापटलं, अगदी हळू. मग पाण्याकडे बघतच म्हणाला, "विचार... रात्री झोपू देते का पोरगी."

न्हाव्याने तोंडाशी हात धरला आणि खाली हाळी दिली, "आजोबा विचारतायत, रात्री झोपू देते का पोरगी?"

हमालाने त्याला अडवलं नाही. आजोबा विचारतायत, आजोबा विचारतायत, करत प्रश्न साखळीभर खाली उतरत गेला, आणि त्याने पुढच्या पोत्यासाठी दोन्ही हात पुढे केले.