अडकलेले डबे

आमटी तयार होती, पण भरायला चार डबे कमी पडत होते. प्लॅस्टिक बंद करून खानावळीसाठी स्टीलचे डबे घेतल्यापासून सुहासिनीताईंच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

चारही डबे वरच्या टिपणीसकाकांकडे अडकलेले. ताई तरातरा जिना चढल्या.

"काका, डबे द्या! नाहीतर उद्यापासून पुन्हा प्लॅस्टिक."

काका ओशाळले. ओट्यावर डबे लख्ख घासून मांडलेले होते. शेजारी करपलेली कढई.

"रिकामा डबा परत देऊ नये, असं आमची ही म्हणायची. ती गेली. आता मीच चार दिवस शिरा करून बघतोय, रोज करपतो."

खाली आमटी निवत होती. ताईंनी दुसरी कढई चढवली, गॅस बारीक केला.

"हलवत राहा," त्या म्हणाल्या. "मी इथेच उभी आहे."